औषध दारात, निदान कोसांवर

आफ्रिकेतल्या गुरांच्या रोगांवर या पत्रकाने दोन पाने का खर्च करावीत, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आपल्या दावणीची दुखणी थोडी आहेत काय? प्रश्न रास्त आहे. पण ही दुखणी वाटतात तितकी परकी नाहीत. जनावराच्या रक्तात वळवळणारा आणि त्याला झिजवून मारणारा ट्रिपॅनोसोमा जातीचा परजीवी रोगाचे कारण म्हणून पहिल्यांदा ओळखला गेला तो आफ्रिकेत नव्हे, हिंदुस्थानात. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने डेरा इस्माइलखान येथे (हे गाव आता पाकिस्तानात आहे) सर्रा झालेल्या घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला. सर्रा आपल्याकडे अजून आहे आणि त्याचा परजीवी आफ्रिकेतल्या परजीवीचा सख्खा भाऊबंद आहे. माणसाच्या रक्तात तो सहसा तग धरत नाही. आपल्या रक्तातलेच एक द्रव्य त्याला मारते. तरीही २००४-०५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या, गुरांत वावरणाऱ्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. तपासाअंती कळले, की या माणसाच्या रक्तात त्या द्रव्याचीच उणीव होती. जगात अशी नोंद झालेला तो पहिला रुग्ण. तेव्हा आफ्रिकेतल्या गोठ्यात काय चालले आहे ते पाहण्यात आपलाही स्वार्थ आहे.

सहारा वाळवंटाच्या खाली, जवळपास एक कोटी चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात त्सेत्से नावाची माशी आहे. पस्तीसहून अधिक देश या पट्ट्यात येतात. माशी रक्त पिते आणि पिता पिता परजीवी सोडून जाते. गुरांच्या या रोगाला तिकडे नगाना म्हणतात. १८९५ च्या सुमारास झुलूलँडमध्ये डेव्हिड ब्रूसने या रोगाचा परजीवी ओळखला, पुढे माशीचा हातही दाखवून दिला. नगाना झालेले जनावर पटकन मरत नाही. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. रक्त पाण्यासारखे होते, केस उभे राहतात, गाय गाभडते, दूध आटते, बैल औताखाली बसतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या कागदांत दरवर्षी तीस लाख गुरे या रोगाने मरतात असा आकडा आहे. पण मेलेल्या गुरांपेक्षा मोठे नुकसान पाळताच न आलेल्या गुरांचे आहे. ज्या मुलखात बैल टिकत नाही तिथे नांगर नाही, गाडी नाही, शेणखत नाही. जमीन चांगली असली तरी बाईच्या हातातल्या कुदळीने जेवढी खणली जाईल तेवढीच पिकते. बैलाशिवाय शेती म्हणजे काय, हे या पत्रकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

या रोगावर लस नाही. परजीवी आपल्या अंगावरचा अंगरखा सारखा बदलतो. जनावराच्या शरीराने एक ओळखावा तर हा दुसरा घालून तयार. म्हणून सगळी भिस्त औषधांवर. तीही जुनी. डायमिनाझिन, आयसोमेटॅमिडियम आणि होमिडियम ही तिन्ही १९५० ते १९६० च्या आसपासची. साठ-सत्तर वर्षे तीच वापरात आहेत. दरवर्षी सुमारे साडेतीन कोटी मात्रा आफ्रिकेत खपतात असे सांगतात. डायमिनाझिन म्हणजे बेरेनिल. पिवळ्या भुकटीची ती पुडी आपल्याकडच्याही अनेक पशुपालकांनी पाहिलेली असेल.

ही पुडी आज आफ्रिकेतल्या आठवडी बाजारात मीठ-साखरेच्या शेजारी मिळते. १९८० नंतर कर्जबाजारी सरकारांनी खर्च आटोपता घेतला आणि पशुवैद्यकीय खाते बऱ्याच देशांत नावापुरते उरले. डॉक्टर गेला, दवाखान्याचे दार लागले, पण औषधाचा व्यापारी आला. आम्ही व्यापाऱ्याला दोष देत नाही. त्याने निदान माल तरी पोहोचवला. माल पोहोचला, पण जनावराला झाले आहे तरी काय हे सांगणारे कुणी आले नाही, आमची तक्रार एवढीच आहे. गुराखी गाय मलूल पाहतो, पुडी घेतो, पाण्यात कालवतो आणि टोचतो. एक पुडी तीनशे किलो वजनासाठी असते. वजनकाटा कुणाकडे आहे? अंदाजाने दोन गुरांत एक, कधी तिघांत एक. पश्चिम आफ्रिकेतल्या बाजारांतून नमुने नेऊन तपासले, तर कित्येक पुड्यांत औषधच कमी भरले. अर्धी मात्रा म्हणजे परजीवीला तालीम. वीसेक देशांतून औषधाला दाद न देणाऱ्या परजीवींच्या नोंदी आता झाल्या आहेत.

यावर तज्ज्ञ मंडळींचे ठरलेले वाक्य असते: पशुपालक अडाणी आहे, औषधांचा गैरवापर करतो. आम्हाला हे मान्य नाही. ज्याला निदान मिळण्याची सोयच नाही त्याने अंदाजाने औषध दिले तर तो अडाणीपणा नव्हे, नाइलाज आहे. ताप, रक्तक्षय, खंगणे ही लक्षणे नगानाची, तशी गोचिडातून येणाऱ्या बबेसियाची, पोटातल्या जंतांची, यकृतातल्या चपट्या कृमींची आणि निव्वळ उपासमारीचीही. नुसत्या डोळ्यांनी यांतला फरक पदवीधर डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही.

मग खात्रीने सांगायचे कसे? यात गुपित काही नाही. सत्तरच्या दशकात बसलेली पद्धत आजही चालते. जनावराच्या कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेच्या केसासारख्या बारीक नळीत घ्यायचे आणि नळी यंत्रात पाच मिनिटे गरागरा फिरवायची. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर पाणी राहते आणि मध्ये सायीसारखा पांढरा पातळ थर. परजीवी असेल तर त्या सायीच्या काठाशी जमतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसतो. त्याच नळीवर लाल पेशी शेकडा किती हेही मोजता येते. गुराचा हा आकडा पंचवीसच्या खाली गेला की रक्तक्षय समजावा. गाडीच्या बॅटरीवर चालणारे यंत्र मिळते. अडचण एवढीच, की नळी काही तासांच्या आत पाहावी लागते, नाहीतर परजीवी मरून जातो आणि दिसत नाही. म्हणजे सूक्ष्मदर्शक जनावराकडे आला पाहिजे. रक्ताने शहराकडे जाऊन भागत नाही. शिवाय जुनाट दुखण्यात परजीवी इतके थोडे असतात, की आज काही दिसले नाही म्हणून जनावर निरोगी ठरत नाही. प्रयोगशाळेतल्या नव्या चाचण्या परजीवीचा अंशही पकडतात, पण त्यांना लागणारी वीज, रसायने आणि प्रशिक्षित हात खेड्यात कुठून आणायचे? रक्तातली प्रतिकारद्रव्ये शोधणाऱ्या चाचण्या स्वस्त पडतात, पण त्या जनावराला रोग आहे की महिन्यांपूर्वी होऊन गेला हे सांगू शकत नाहीत. मुलखात रोग किती पसरला याचा अंदाज घ्यायला त्या बऱ्या. समोरच्या गायीला सुई टोचायची की नाही, याला त्यांचा फारसा उपयोग नाही.

एका जनावराचे निदान अवघड असले तरी कळपावर सतत नजर ठेवणे तितके अवघड नाही. इथियोपियातल्या गिबे खोऱ्यात हे दिसले. अदिस अबाबाच्या नैऋत्येला असलेल्या या खोऱ्यात १९८६ पासून तिथल्या आंतरराष्ट्रीय पशुधन केंद्राच्या लोकांनी शेतकऱ्यांच्याच गुरांचे रक्त दर महिन्याला तपासायला सुरुवात केली. तीच गुरे, तीच गावे, महिन्यामागून महिना, वर्षामागून वर्ष. जनावर आजारी निघाले की औषध द्यायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा नळी फिरवायची. यातून असे काही उघड झाले, जे एकदा येऊन रक्त घेऊन गेलेल्या पथकाला शंभर वर्षांत कळले नसते. औषध दिलेले जनावर पुढच्या महिन्यात पुन्हा परजीवी दाखवी. इथले परजीवी वेगळे काढून बोरान जातीच्या वासरांत तपासले, तर डायमिनाझिन, आयसोमेटॅमिडियम, होमिडियम, तिन्ही औषधे निकामी. शेतकरी पैसे घालून पाणी टोचत होता म्हणा ना.

औषध चालत नाही हे कळल्यावर मोर्चा माशीकडे वळला. १९९१ पासून गुरांच्या पाठीवर ओतायचे कीटकनाशक देऊ लागले. माशी रक्त प्यायला बसली की मरते. सुरुवातीला फुकट, पुढे किमतीला. फुकटची सवय लागलेला शेतकरी पैसे देणार नाही असे कुणाही अधिकाऱ्याने भाकीत केले असते. शेतकऱ्यांनी पैसे मोजले. का मोजले? महिन्याच्या महिन्याला गुरे सुधारताना त्यांना दिसत होती आणि त्याच औषधाने गोचीड व चावऱ्या माश्याही जात होत्या. शेतकरी पैशाला कवटाळून बसत नाही. पैसा कशाचा ते त्याला दाखवावे लागते.

निदानाचे ज्ञान फक्त नळीत आणि काचेवर असते, हाही एक भ्रमच आहे. दक्षिण सुदानमधले डिंका लोक पिढ्यानपिढ्या गुरांत राहणारे. गुरे हळूहळू खंगत जाण्याच्या एका दुखण्याला ते लिएइ म्हणतात. बाहेरून आलेल्या पशुवैद्यांना हे नाव कुठल्याच पुस्तकात सापडेना. शेवटी अँडी कॅटली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गुराख्यांनाच विचारले. जमिनीवर रोगांची चित्रे मांडली, गुराख्यांच्या हाती खडे दिले आणि कोणत्या रोगात कोणते लक्षण किती, तेवढे खडे ठेवायला सांगितले. गावोगावच्या खड्यांचे ढीग एकमेकांशी जुळले. मग गुरांचे रक्त आणि शेण तपासले. २००१ साली या कामाचा अहवाल आला. लिएइ हा एकच रोग नव्हता. यकृतातले कृमी, पोटातले जंत, रक्तातले परजीवी यांचा एकाच जनावरावर मिळून बसलेला भार होता. पुस्तकातली नावे सुटी सुटी होती, गुराख्याने मात्र समोरचे जनावर अखंड पाहिले होते. एकाच परजीवीची पुडी देऊन अशी गाय उठत नसेल, तर गुराखी खोटे बोलत नाही. केनियातला मासाई ‘ओल-तिकाना’ म्हणतो तो गोचिडांतून येणारा ईस्ट कोस्ट फीव्हर. मानेच्या सुजलेल्या गाठीतले पाणी काचेवर रंगवून डॉक्टर जे ठरवतो, ते मासाई गाठ चाचपून बऱ्याच वेळा आधीच ओळखतो.

या ईस्ट कोस्ट फीव्हरचीही एक हकीकत आहे, आणि ती जबरदस्तीच्या कारभाराची आहे. १८९६ च्या बुळकांडीने दक्षिण आफ्रिकेतले गोठे ओस पडले. ते भरायला पूर्व किनाऱ्यावरून गुरे आणली, त्यांच्याबरोबर १९०१-०२ मध्ये हा रोग दक्षिणेत उतरला. गोऱ्या सरकारांनी उपाय काढला: गुरे गोचीडनाशकाच्या हौदातून सक्तीने बुडवून काढायची. आठवड्याला खेप, वर त्याची फी. आपल्या गुरांवर आपला हक्क उरला नाही अशी भावना झाली आणि १९१४ साली पूर्व ग्रिक्वालँडमध्ये लोकांनी हौद फोडले. शेजारच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, सक्ती टिकली. तिथे ती इतकी कडक झाली, की पिढ्यानपिढ्या गुरांना गोचिडाचा संसर्गच झाला नाही. सत्तरच्या दशकात स्वातंत्र्ययुद्ध पेटले, हौद बंद पडले आणि अंगात कसलीही प्रतिकारशक्ती नसलेली गुरे लाखोंनी मेली. गुरे किती बुडवली याचे हिशेब सरकारी वह्यांत चोख होते. कोणत्या भागात कोणता गोचीड, कोणते वासरू लहानपणीच हलका रोग येऊन पक्के झाले, याचा हिशेब मात्र त्या कारभाराला कधी महत्त्वाचा वाटला नाही. पाळतही ठेवायची आणि आजार सांगणाऱ्यालाच दंडही करायचा, अशा राज्यात कुठला पशुपालक खरे सांगेल?

खरे न कळण्याची किंमत माणसालाही मोजावी लागते. युगांडाच्या पूर्व भागातल्या सोरोटी जिल्ह्यात १९९८ मध्ये माणसांत निद्रारोग फुटला. पूर्वी तो तिथे नव्हता. शोध घेतल्यावर धागा गुरांच्या बाजाराशी जाऊन पोहोचला. लुटालूट आणि बंडाळीत गुरे गमावलेल्या लोकांनी पुन्हा कळप उभे करायला घेतले होते आणि दक्षिणेकडच्या रोगी भागातली गुरे बाजारात विकली जात होती. गुरे दिसायला धडधाकट. परजीवी रक्तात लपलेला, माशी गावातच हजर. विकण्याआधी प्रत्येक जनावराला एक सुई टोचली असती तरी बहुतेक संकट टळले असते. पुढे २००६ मध्ये मकेरेरे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून लाखाहून अधिक गुरांना औषध दिले गेले. आपल्याकडेही हेडे एका जिल्ह्यातली गुरे दुसऱ्या जिल्ह्यात नेतात; बाजाराच्या फाटकाशी पावती फाडणारा असतो, रक्ताचा थेंब घेणारा नसतो.

पाळत ठेवणे परवडत नाही, हे सरकारांचे आवडते उत्तर. मग पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या माणसांच्या निद्रारोगाचे काय झाले ते पाहावे. १९९८ मध्ये जवळपास चाळीस हजार रुग्णांची नोंद झाली होती. मग फिरती पथके गावोगाव गेली, बोटातले थेंबभर रक्त कार्डावर तपासले, संशय आला तिथे सूक्ष्मदर्शक लावला, सापडलेल्याला औषध फुकट दिले. २०१८ मध्ये हा आकडा हजाराच्या आत आला. नवी जादू कुठलीच नव्हती. निदान रोग्याच्या दारात गेले आणि त्याचा खर्च रोग्यावर टाकला नाही. माणसासाठी हे झाले याचा आनंदच आहे. पण ज्या कुटुंबाची सगळी पुंजी चार गुरांत आहे, त्याच्या गोठ्यात मात्र पुडीवाल्याखेरीज कुणी गेले नाही. माशीला जिल्हा आणि देश कळत नाही, शेजाऱ्याचा कळप आजारी असला तर माझाही धोक्यात. असे काम एकट्या पशुपालकाच्या खिशातून होत नाही. औषध त्याने घ्यावे, पाळतीचा खर्च सगळ्यांच्या तिजोरीतून व्हावा, अशी आमची सरळ वाटणी आहे.

आणि जिथे साधन पशुपालकाच्या हाती देता येते तिथे ते द्यावे. दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांना हिमोन्कस नावाचा रक्तपिता जंत छळतो. एकेक जंत दिवसाला थेंबभर रक्त पितो आणि एका मेंढीत ते हजारोंनी असतात. दर काही आठवड्यांनी सगळ्या कळपाला जंतनाशक पाजण्याचा परिणाम असा झाला, की तिथले जंत एकामागून एक औषधे पचवू लागले. नव्वदच्या दशकात तिथल्या फ्रान्स्वा मालान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कार्ड बनवले, फमाचा त्याचे नाव. त्यावर पाच रंग, लालबुंदपासून पांढऱ्याफटकपर्यंत. मेंढीची खालची पापणी उलटायची, आतला रंग कार्डाशी ताडून पाहायचा आणि फिकट निघालेल्या मेंढ्यांनाच औषध पाजायचे. कळपातल्या बहुतेक जंतांचा भार थोड्याच मेंढ्या वाहतात, त्यामुळे बाकीच्यांना औषध लागतच नाही. त्यांच्या पोटातले साधे जंत मागे राहतात आणि पुढच्या पिढीत औषध चालू राहते. या कार्डाला वीज लागत नाही, अक्षरओळख लागत नाही. मेंढीची पापणी कशी उलटायची हे आमच्या धनगराला तरी कुणी शिकवायला हवे का? कार्डाची मर्यादा आहे. रक्त न पिणारा जंत त्यात दिसत नाही आणि पापणी फिकी पडायला दुसरी कारणेही असतात. म्हणून शेण तपासणीची सोय जवळ असावीच लागते.

आमचे काही पशुवैद्य मित्र म्हणतात, की निदान हे डॉक्टरचे काम आहे, ते गुराख्याकडे दिले तर गोंधळ होईल. गोंधळ आजच आहे, मित्रांनो, साडेतीन कोटी पुड्यांचा. डॉक्टर हवाच. पण त्याने गुराख्याचे डोळे बांधून ठेवण्यापेक्षा गुराख्याला जे दिसते त्याची नोंद घ्यावी आणि जे दिसत नाही तिथे सूक्ष्मदर्शक घेऊन जावे. रक्ताच्या नळ्या राजधानीला जातात, त्यांचे नकाशे परिषदांत भिंतीवर लागतात, आणि ज्याच्या गायीचे रक्त घेतले त्याला तिला काय झाले होते हे कळतच नाही. गिबेच्या खोऱ्यात जनावर आजारी निघाले की त्याला औषध मिळायचे, म्हणून महिनोन्महिने लोक आपली गुरे स्वतः हाकत तपासणीला घेऊन यायचे.